मे महिना, मॉरिशस आणि गोल्फची बॅग
वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बाणेरला राहतो, वय ५९, अलीकडेच नोकरीतून निवृत्त झालो. शनिवार-रविवार येरवड्याला गोल्फ खेळतो. मी, पत्नी, मुलगी आणि जावई असे चौघे आठ रात्रींसाठी एखाद्या गरम हवेच्या बेटावर जायचं म्हणतोय. समुद्रही हवा, गोल्फही हवं. जावई नुकताच खेळायला लागलाय. पत्नी आणि मुलगी खेळत नाहीत. मॉरिशस, फुकेत आणि बाली अशी तीन नावं डोक्यात आहेत. एका ट्रॅव्हलवाल्याने ‘आठ रात्री, सहा राउंड’ असं पॅकेज पाठवलंय, ते बरं दिसतंय. जायचं एक तर मे महिन्यात, नाही तर ख्रिसमसच्या सुट्टीत. स्वतःचा क्लबचा (गोल्फच्या काठ्यांचा) सेट न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा, हेही सांगा.

उत्तर : नमस्कार. आधी एक सांगून टाकते. मी गोल्फ खेळत नाही. आमचे हे खेळतात. शिवाय डेक्कनवरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसातून मी आयुष्यभर गोल्फ खेळणाऱ्यांची तिकिटं काढली आणि परत आल्यावर त्यांच्या बायकांचं म्हणणं ऐकून घेतलं. त्यामुळे माझा सल्ला थोडा त्या बाजूने झुकलेला असणार, हे गृहीत धरा.

तुमच्या पत्रात तुमच्या सौभाग्यवतींबद्दल ‘खेळत नाहीत’ एवढी एकच ओळ आहे. त्यांना काय हवंय ते लिहिलेलं नाही. सहा राउंडचं पॅकेज ‘बरं दिसतंय’ ते तुम्हाला. एका राउंडला, म्हणजे अठरा होलच्या पूर्ण खेळाला, साडेचार तास धरा. त्याआधी तयारी, गाडी, सरावाच्या रेंजवर चार चेंडू मारणं; नंतर क्लबहाउसमध्ये बसणं आणि चौदाव्या होलवर काय झालं याची चर्चा. म्हणजे सकाळी सातला बाहेर पडलेला माणूस दोनच्या आत खोलीवर येत नाही. आल्यावर झोपतो. मे महिन्यात मॉरिशसला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे मेमध्ये सातपर्यंत उजेड असतो, त्या सवयीने हिशेब करू नका. असे सहा दिवस गेले, तर दोन बायकांनी तेवढे दिवस पुळणीवर बसून करायचं काय?

माझं म्हणणं : तीन राउंड. एक दिवसाआड. चौथा राउंड तुमच्या पत्नीने आपणहून ‘जा’ म्हटलं तर.

आता बेट. फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर समुद्र खवळलेला असतो. लाल बावटे लागतात, पाण्यात उतरू देत नाहीत. गोल्फ मात्र तिथे झकास आहे. १९९८ मध्ये टायगर वुड्सने आठ फटक्यांची पिछाडी भरून काढून अर्नी एल्सला हरवलं, ते फुकेतच्याच ब्लू कॅन्यनवर. पण मेमध्ये नको. जानेवारी-फेब्रुवारीत जमणार असेल तेव्हा फुकेतचं पुन्हा विचारा. बालीला मेमध्ये हवा छान असते. फक्त तिथे माणूस देवळं, भातशेतीच्या पायऱ्या आणि बाजार बघायला जातो, त्यात गोल्फ कोंबलं की सगळा दिवस रहदारीत जातो. रहदारी आपल्याकडे विद्यापीठ चौकात भरपूर मिळते, त्यासाठी विमानभाडं कशाला?

राहिलं मॉरिशस. तुमच्या चौघांसाठी मी तेच निवडेन, आणि निवडेन ते मेमध्ये. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथले ऋतू उलटे. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा; दमट, गरम, आणि पुढे जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे मुख्य दिवस. शिवाय ख्रिसमसला अर्धं युरोप तिथे उतरतं, दर चढतात, टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळत नाहीत. मेमध्ये पाऊस ओसरलेला, पाणी अजून पोहण्याइतकं कोमट, आणि गर्दी उतरलेली. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. तेव्हा पूर्व किनाऱ्यावर सकाळी टोपी डोक्यावर टिकत नाही आणि पश्चिमेला, उत्तरेला बरं असतं. मेमध्ये हा वारा सुरू झालेला असतो, पण सुसह्य. म्हणून मी लोकांना सांगते की आधी महिना पक्का करा, त्यावरून किनारा ठरवा, हॉटेलचे फोटो त्यानंतर बघा. आपल्याकडे नेमकं उलट चालतं.

बेट लहान आहे, लांबी साधारण ६५ किलोमीटर. म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जाण्याएवढं. तरीही एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाला खेळायला जायचं म्हटलं तर सकाळ गाडीत जाते, कारण रस्ते गावांतून आणि उसाच्या शेतांतून वळत जातात. विमानतळ आग्नेयेला आहे. तुमच्या आठ रात्रींपैकी पाच पूर्व किनाऱ्यावर बेल मार परिसरात आणि तीन दक्षिणेला बेल ओंब्रला, अशी विभागणी करा. हॉटेल एकदाच बदलायचं.

पूर्वेला इल ओ सर्फ नावाचं छोटं बेट आहे, त्यावर अठरा होलचं मैदान आहे. बर्नहार्ड लांगरने आखलेलं, २००३ मध्ये सुरू झालेलं. होडीने जायचं, चहूबाजूंना खाजण, तळी आणि खारफुटी. चेंडू पाण्यावरून मारावा लागतो असे होल बरेच. आमचे हे तिथून आले ते बॅग हलकी करून आले, एवढंच सांगते. जुने चेंडू भरपूर न्या. नवे कोरे महागडे चेंडू त्या पाण्याला अर्पण करू नका. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्याच बेटावर सुंदर पुळण आहे. तुम्ही आणि जावई खेळा, मायलेकी पाण्यात डुंबतील, दुपारी एकत्र जेवा. एक राउंड असा लागला की कुणाची कुरकुर नाही. फक्त शनिवार-रविवार टाळा; स्थानिक माणसंही तिथे सहलीला येतात, आणि का येऊ नयेत?

दक्षिणेला बेल ओंब्रला हेरिटेज गोल्फ क्लबची दोन मैदानं आहेत. जुनं पीटर मॅटकोविचने आखलेलं, मोकळं, उसाचे मळे आणि डोंगर बाजूला. जावयांना हेच द्या, चुकीला जागा आहे. २०१७ च्या डिसेंबरात इथेच मॉरिशस ओपनमध्ये आपला अर्जुन अटवाल प्लेऑफपर्यंत पोचला होता. दुसरं, ला रिझर्व्ह, नवं आहे, मॅटकोविच आणि लुई उस्टहेझन यांनी मिळून आखलेलं. २०२३ च्या डिसेंबरात तिथे स्पर्धा झाली आणि जिंकला कोण, तर उस्टहेझनच! घरचंच पीच म्हणायचं. हे मैदान उघड्यावर आहे, वारा अंगावर येतो. नेहमी जो क्लब घेता त्यापेक्षा मोठा घ्यावा लागेल, असं आमच्या घरातले तज्ज्ञ म्हणतात.

तुम्ही येरवड्याला खेळता म्हणजे तुम्हाला कॅडीची सवय. बॅग तो ओढतो, चेंडू तो शोधतो, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) उतार कुठल्या बाजूला आहे तेही तोच सांगतो. मॉरिशसच्या रिसॉर्टांत ही चैन सहसा नाही. बग्गी (मैदानावरची छोटी गाडी) तुम्ही चालवायची, चेंडू तुम्ही शोधायचा, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) दाताळं तुम्ही फिरवायचं. पहिल्या दिवशी अनेकांचा याच गोष्टीने मूड जातो आणि दोष ग्रीन्सना देतात. समुद्राकाठच्या मैदानांवर खारं पाणी सोसणारं पास्पालम गवत बऱ्याचदा असतं, चेंडू वेगळा पळतो. म्हणून आदल्या संध्याकाळी पटिंग ग्रीनवर अर्धा तास घालवा. तेवढ्यासाठी बायकोची परवानगी मिळते.

पॅकेजवाल्याला लेखी विचारा : ग्रीन फी (मैदानावर खेळायचं शुल्क) धरलेली आहे का, आणि कुठल्या मैदानाची? बग्गी धरलेली आहे का? हॉटेलपासून मैदानापर्यंतची गाडी? टी टाइम आता पक्के होणार की ‘तिथे गेल्यावर बघू’? शेवटचं उत्तर आलं तर दुसरा ट्रॅव्हलवाला बघा. ‘फ्री गोल्फ’ या शब्दांत बग्गी नसते, असा माझा अनुभव. पॅकेजवर टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा कर) कापला जाईल. तो बुडीत खर्च धरू नका, रिटर्न भरताना हिशेबात येतो. पावती जपा आणि सीएला द्या.

सेटचं. तुम्ही तीन राउंड खेळणार, तुमचा हात तुमच्या क्लबवर बसलेला, तुम्ही न्या. जावयांनी तिथे भाड्याने घ्यावा. (डावखुरे असतील तर आधी कळवायला लावा, डावखुऱ्यांचे सेट मोजके असतात.) विमान कंपनीला बुकिंगच्या वेळीच गोल्फ बॅगेचं सांगा, वजनाचे नियम प्रत्येकाचे निराळे. ड्रायव्हर नावाच्या लांब क्लबचं डोकं काढता येत असेल तर काढा, मोज्यात गुंडाळा. बॅगेत क्लबच्या मध्ये टी-शर्ट आणि टॉवेल कोंबा. क्लब हलत नाहीत आणि कपड्यांची एक बॅग वाचते. रेंजफाइंडरची (अंतर मोजायच्या यंत्राची) जादा बॅटरी हातातल्या बॅगेत. सेट नवा आणि महागडा असेल तर बिलाची प्रत जवळ ठेवा, परत येताना कस्टमने विचारलं तर वाद नको.

थेट विमान मुंबईहून, साधारण सहा तास. पुण्याहून मुंबईला चार माणसं, चार बॅगा आणि एक गोल्फ बॅग साध्या सेडानमध्ये मावत नाही, इनोव्हा सांगा. घाटात काय होईल ते तुम्हाला माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा विचारतात. कागद छापून न्या, मोबाइलवर विसंबू नका. नियमित गोळ्या असतील तर डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जवळ हवंच. आणि मे महिना म्हणून हॉटेलातल्या लोकांना द्यायला हापूसची पेटी नेऊ नका. ताजी फळं परवान्याशिवाय तिथे नेता येत नाहीत. पेटी विमानतळावरच राहील आणि तुम्ही आठ दिवस हळहळाल.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पहाटेच जाग येईल. सकाळचे टी टाइम याच दिवसांत घ्या.

गोल्फ नसलेल्या दिवसांत पांपलमूसची बाग (ती थाळ्यांएवढ्या पानांची कमळं), शामारेलची रंगीत माती आणि ल मोर्नचा डोंगर करा. खोल समुद्राचं आकर्षण असेल तर कॅटामरानची एक दिवसाची फेरी. मुलीला विचारून ठरवा. ‘त्या दोघी स्पामध्ये जातील’ हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय, आणि ते म्हणणारे सगळे पुरुष होते.

प्रश्न : मी कोथरूडची. आम्ही दिवाळीनंतर मॉरिशसला चाललोय, बरोबर सासूबाई आहेत, वय ७४. त्या कांदा-लसूण खातात पण अंडंसुद्धा नाही. गुडघे दुखतात. समुद्रात त्यांना पाय तरी भिजवता येतील का? आणि जेवणाचं काय? नवरा म्हणतो, ठेपले न्या. आठ दिवस ठेपले?

उत्तर : ठेपले प्रवासापुरते न्या. मॉरिशसच्या रस्त्यावरची सगळ्यात लोकप्रिय गोष्ट दालपुरी आहे : डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, आत घेवड्याची रसभाजी आणि टोमॅटोची चटणी. सासूबाईंना सांगताना ‘तिखट पुरणपोळी’ म्हणू नका, त्या नाराज होतील. पण खातील आवडीने. डाळीचे छोटे वडेही मिळतात, तिथे त्यांना गातो पिमां म्हणतात. पोर्ट लुईच्या मंडईत सकाळीच जा. हॉटेलला मात्र ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहून थांबू नका. अंडं नको, मासळीचा सॉस नको, असं स्पष्ट लिहा. फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकघरात मासे न घातलेला पण अंडं घातलेला पदार्थ बिनदिक्कत शाकाहारी म्हणून समोर येतो.

पाय भिजवायला त्याहून चांगली जागा नाही. बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी शांत असतं. उत्तरेला त्रू ओ बिश आणि मों श्वाझी इथे उतार अगदी हळू आहे, खुर्ची पाण्याच्या काठावर लावून द्या. तामारांला मात्र नेऊ नका, तिथे भिंतीला खिंड आहे आणि लाटा आत येतात. पाण्यात जाताना सगळ्यांनीच रबरी तळाचे बूट घाला, प्रवाळात काटेरी समुद्री प्राणी असतात. सासूबाईंनाही घालायला लावा, त्या नको म्हणतील. इल ओ सर्फला जाताना होडीत चढ-उतार असतो. गुडघ्यांचं बघून, आधी विचारून जा.

एक दिवस गंगा तलावाला जा. तिथला महादेवाचा पुतळा १०८ फुटांचा आहे. आणि गाडीवाल्याला मराठी वस्तीबद्दल विचारा. कोकणातून ऊसमळ्यांत गेलेल्या मजुरांची पिढी तिथे रुजली आहे, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर सासूबाईंना थोडा वेळ द्या. १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर मॉरिशसला येऊ लागले, त्यांना पुढे तिथेच उतरवलं जाई. त्या पायऱ्या आजही आहेत, आणि पायऱ्या फार नाहीत, गुडघ्यांना झेपतील.

प्रश्न : पिंपळे सौदागरला राहते, वय ३१. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर बेटावर जाऊन गोल्फ शिकायची इच्छा आहे. आमच्यापैकी कुणाकडे हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) नाही. मैदानावर घेतील का? काही लोक हसतात.

उत्तर : हसणाऱ्यांना हसू द्या, पण जायच्या आधी इथे दीड-दोन महिने शिका. पुण्यात रेंज आहेत, शिकवणारे आहेत. उदयन माने या पुण्याच्याच खेळाडूने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळलंय. एवढं सगळं शहरात असताना परदेशात तासाला युरो मोजून क्लब धरायला शिकणं मला पटत नाही.

रिसॉर्टची काही मैदानं हँडिकॅपचं प्रमाणपत्र मागतात, काही नुसतं विचारतात. बुकिंगआधी ईमेल करा आणि आपण नवख्या आहोत हे लपवू नका. नऊ होलचं मैदान किंवा दुपारची उशिराची वेळ मागा; मागे माणसं खोळंबलेली नसली की दडपण येत नाही. कॉलरचा टी-शर्ट लागतो, जीन्स चालत नाही. गवताचा निघालेला तुकडा परत बसवणं, वाळू सारखी करणं, दुसरा मारत असताना गप्प राहणं, एवढं आलं की पहिल्या दिवशी कुणी काही बोलणार नाही. फटका कसा का जाईना.

लंकावी या मलेशियातल्या बेटाचा एक पर्याय कानावर घालते. तिथे तेलुक दताईला अर्नी एल्सने आखलेलं मैदान आहे, वर्षावनात, समुद्राला लागून, आणि त्यात एकही बंकर नाही. वाळूची भीती असणाऱ्यांना याहून काय हवं! माकडं मात्र आहेत. बग्गीत केळं ठेवून उतरू नका.

प्रश्न : सिंहगड रस्ता. आम्ही चार मित्र, चौघेही खेळणारे, बायका येणार नाहीत म्हणतात. बजेट बेताचं. पाच दिवस. मॉरिशस परवडत नाही. कुठे जावं?

उत्तर : बायका येणार नाहीत म्हणतात म्हणजे त्यांनी आधीचं काही पाहिलेलं दिसतंय. श्रीलंकेला जा. मुंबईहून अडीच तासांच्या आसपास, घड्याळही आपलंच. फेब्रुवारी निवडा; दक्षिण किनारा तेव्हा कोरडा आणि समुद्र शांत असतो, मेपासून तिकडे पाऊस.

पहिला राउंड रॉयल कोलंबोला. १८७९ चा क्लब, आणि मैदानाच्या मधून केलानी व्हॅलीची रेल्वे जाते. तुमचा एखादा चेंडू रुळापलीकडे गेला तर गाडी येतेय का ते बघून जा. मग दक्षिणेच्या द्रुतगती मार्गाने हंबनटोटा. शांग्री-ला हॉटेलच्या आवारात अठरा होल आहेत, थोडे नारळीच्या बागेत, थोडे वाळूच्या टेकड्यांवर. तिथे राहणं महाग पडेल, तर बाहेर साध्या ठिकाणी राहून खेळायला जा. हंबनटोटाचा समुद्र पोहण्याचा नाही. पोहायला वेलिगामा किंवा उनवटुनाला एक दिवस थांबा. नुवारा एलियाचं मैदान १८८९ चं, गारव्यात, पण पाच दिवसांत तो डोंगर चढू नका. दोन राउंड, जास्तीत जास्त तीन. उरलेल्या वेळात ‘याला’ नावाचं अभयारण्य आहे, हंबनटोटापासून जवळ.

पाहुण्यांना कोणत्या वारी खेळता येतं ते प्रत्येक क्लबला आधी विचारा, शनिवार-रविवार बहुतेक सभासदांचे असतात. श्रीलंकेचा ईटीए (प्रवेशाचा परवाना) ऑनलाइन काढा, सरकारी साइटवरूनच. आणि चौघांच्या चार गोल्फ बॅगांसाठी तिथे व्हॅन सांगा. कारवाला ‘हो, मावतील’ म्हणतो.